पवनचक्की येतेय गावात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात जमीन भाड्यानं देण्याबद्दल एक छोटं उत्तर दिलं होतं, त्यात पवनचक्कीचा नुसता ओझरता उल्लेख आला, आणि त्यानंतर जेवढी पत्रं आली तेवढी या सदराला आजवर कधी आली नव्हती. म्हणून यावेळी सगळं सदर त्याच विषयाला. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक समज दिसला तो आधी दूर करते. लोकांना वाटतं की पवनचक्कीचा एक वेगळा कायदा असेल आणि त्यात सगळं लिहिलेलं असेल. तसा कायदा आपल्याकडं नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ७ प्रमाणं वीज तयार करायला परवानाच लागत नाही, ग्रिडला जोडायचे तांत्रिक नियम पाळले की झालं. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनचक्की नाही, म्हणजे पर्यावरण मंजुरी नाही आणि जनसुनावणीही नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं तिला 'व्हाइट', म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, वर्गात टाकलं. तर धरण किंवा कारखाना येताना गावाला आपलं म्हणणं मांडायची जी एक ठरलेली जागा मिळते ती इथं मिळतच नाही, आणि शेवटी गावकऱ्याच्या हातात उरतो तो त्याच्या जमिनीचा कागद. त्यामुळं खाली मी कागदावरच जास्त बोललेय.

पाटण तालुक्यात आमची साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन आहे, मी हिंजवडीत नोकरी करतो. एक एजंट २९ वर्षांचा भाडेकरार आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन दोनदा घरी येऊन गेला. म्हणतो पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, बाकी कंपनी बघेल. आई सही करायला तयार आहे. करू का?

दादा, नोटरीवर सही अजिबात करू नका आणि आईंनाही करू देऊ नका. एक वर्षाच्या वरचा कुठलाही भाडेकरार १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणं रजिस्टर करावाच लागतो, नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. उद्या भाडं थकलं आणि तुम्ही तो कागद घेऊन कोर्टात गेलात की पहिला प्रश्न हाच येणार, की हा नोंदवलेला आहे का. एजंटला नोटरी का हवी असते तेही सांगते, मुद्रांक शुल्क वाचतं. आणि २९ हा आकडा कुठून आला हेही त्यातच आहे. आपल्या मुद्रांक कायद्यात दहा ते २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला बाजारभावाच्या निम्म्या रकमेवर शुल्क बसतं, २९ च्या वर गेलं की ९० टक्क्यांवर. म्हणून करार २९ चा असतो आणि कुठंतरी मागच्या पानावर 'मुदत संपल्यावर कंपनीच्या इच्छेनुसार वाढवता येईल' असं एक वाक्य असतं. ते वाक्य शोधा. तुमच्या इच्छेचा त्यात उल्लेख नसेल तर ते काढायला लावा.

आता सह्या कुणाच्या. वडिलोपार्जित म्हणालात, म्हणजे फक्त आई आणि तुम्ही नाही. बहीण असेल तर तिचाही हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मानं वाटा मिळाला आणि वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलेलं नसलं तरी तिची सही घ्या. एजंट म्हणेल राहू द्या ताईंचं, नंतर बघू. नंतर जे होतं ते म्हणजे भावाबहिणीत दावा लागतो आणि कंपनी भाडं अडवून ठेवते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता फाईल उघडायच्या आधीच कळतं.

कुलमुखत्यारपत्र तर देऊच नका. करार थेट कंपनीशी करा, कंपनीच्या अधिकाऱ्याकडं तिच्या संचालक मंडळाचा ठराव आहे का बघा. साडेचार एकर सगळी लिहून द्यायची गरज नसते, गट नंबर, नेमके किती गुंठे, कुठल्या बांधाकडून, हे भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशासह करारात आलं पाहिजे. रस्ता वेगळा, जमिनीखालून जाणारी केबल वेगळी, फिरणारी पाती जेवढ्या जागेवरून जातात ती वेगळी, या तिन्हींचा मोबदला स्वतंत्र लिहून घ्या, कारण 'टॉवरची जागा' एवढंच लिहिलं की बाकी सगळं फुकटात जातं.

आणि शेवट काय होणार ते आजच लिहा. आताच्या मोठ्या पवनचक्कीच्या पायात काही शे घनमीटर काँक्रीट ओतलेलं असतं. २९ वर्षांनी ते कोण काढणार? करारात 'कंपनी जमीन पूर्ववत करून देईल' एवढं असून भागत नाही, कारण तेव्हा ती कंपनी असेलच असं नाही, म्हणून त्या खर्चाची बँक गॅरंटी मागा. माझ्या मामांच्या रानात हेच झालं. मशीन लावलेली कंपनी एक, मग ती दुसऱ्या कंपनीनं घेतली, मग तिसरीनं, आणि मधली दोन वर्षं भाडंच नाही. मामा तेव्हा सत्तरीत होते, प्रत्येक वेळी नवा पत्ता शोधून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवायचे, पोचपावत्या एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायचे. करारात 'जो कुणी प्रकल्प विकत घेईल त्याला मागच्या थकबाकीसह हा करार बंधनकारक' अशी एक ओळ असती तर तो डबा भरलाच नसता. शिवाय वाद झाला तर लवाद चेन्नईत, असं करारात छापलेलं. साताऱ्याच्या शेतकऱ्यानं चेन्नईला कसं जायचं? ठिकाण तुमच्या जिल्ह्याचं लिहून घ्या.

एक शेवटचं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं जुन्या, दोन मेगावॅटच्या आतल्या पवनचक्क्या काढून जागी मोठ्या लावायचं धोरण आणलंय. साताऱ्याच्या पठारावर लहान जुनी मशीनं पुष्कळ आहेत, त्यामुळं हा प्रश्न तुमच्या शेजाऱ्यांना लवकरच येणार. करारात मशीनची क्षमता आणि उंची लिहा, मोठी लावायची असेल तर नवा करार आणि नवं भाडं.

आमच्या शेतातून पवनचक्कीच्या तारा चालल्यात. ठेकेदाराची माणसं ज्वारी उभी असताना आत शिरली, म्हणाली सरकारी काम आहे, अडवलं तर गुन्हा दाखल होईल. खरं आहे का? (एक शेतकरी, शिरूर तालुका)

अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचाच धाक घालतात. विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली सरकार एखाद्या कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं, ते मिळाले की तार टाकायला मालकाची संमती लागत नाही. पण ते अधिकार आपोआप येत नाहीत, त्या कंपनीच्या नावाचा सरकारी आदेश लागतो. म्हणून भांडत बसू नका, फक्त एवढंच म्हणा, 'कलम १६४ चा आदेश दाखवा', आणि फोनवर शूटिंग चालू ठेवा. आदेश नसेल तर खाजगी कंपनीला तुमच्या संमतीशिवाय आत पाय ठेवायचा हक्क नाही, तहसीलदार आणि पोलीस स्टेशनला त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

आदेश असला तरी नुकसान कमीत कमी करायचं आणि पूर्ण भरपाई द्यायची हे त्याच टेलिग्राफ कायद्याच्या कलम १० मध्ये आहे, रक्कम कमी वाटली तर कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. टेलिग्राफ कायदा २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानं गेला असं कुणी सांगेल, पण वीजवाहिन्यांपुरता तो भाग चालू ठेवलाय.

आता पैशाचं. जून २०२४ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. राज्यांनी ती जशीच्या तशी घ्यायची किंवा बदलून, हे राज्यांवर आहे, पण बोलणी करताना हा आकडा टेबलावर ठेवाच. समजा २२० केव्हीची (किलोव्होल्टची) लाईन आहे, तिचा पट्टा साधारण ३५ मीटर रुंद, तुमच्या शेतातून ती १०० मीटर जाते, म्हणजे साडेतीन हजार चौरस मीटर, जवळजवळ ३५ गुंठे. जमिनीचा दर चौरस मीटरला २०० रुपये धरला तर किंमत सात लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे दोन लाख दहा हजार, टॉवर आणि ज्वारी वेगळी.

पण इथं एक मोठी अडचण आहे. ही तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनींसाठी आहेत. पवनचक्क्यांपासून त्यांच्या सबस्टेशनपर्यंत येणाऱ्या आतल्या लाईनी बहुतेक ३३ केव्हीच्या असतात, म्हणजे शेतात सगळ्यात जास्त खांब ज्या लाईनीचे पडतात तिलाच हा दर लागू नाही. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. तिथं तुमची संमती हीच तुमची ताकद आहे, ती खांबागणिक, लेखी आणि पैसे खात्यात आल्यावरच द्या.

घरापासून पवनचक्की किती लांब पाहिजे? रात्री तो घरघर आवाज डोक्यात बसतो, सकाळी पात्यांची सावली अंगणातून सपासप फिरते, नातू घाबरतो.

आजी, केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची ऑक्टोबर २०१६ ची तत्त्वं सांगतात की कुठल्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. सार्वजनिक रस्ता, रेल्वे, इमारती, शाळा यांच्यापासूनचं अंतर काढायचं सूत्र वेगळं आहे, खांबाची उंची अधिक पात्यांच्या व्यासाचा निम्मा अधिक पाच मीटर. म्हणजे १२० मीटर उंचीवर १२० मीटर व्यासाचं चक्र असेल तर १२० अधिक ६० अधिक ५, एकूण १८५ मीटर. तुमची पवनचक्की त्या तारखेच्या आधीची असेल तर या ५०० मीटरवर बोट ठेवता येणार नाही.

पण आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत, ते जुन्या नव्या सगळ्यांना लागू, आणि ते नुसती तत्त्वं नाहीत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे नियम आहेत. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. रात्रीचा आकडा दहा डेसिबलनं किंवा जास्तीनं ओलांडला की जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते. मोबाईलच्या ॲपचं रीडिंग कुणी धरत नाही, पण कुठल्या रात्री, किती वाजता, वारा कुठला, हे पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्यासोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं अधिकृत मोजणीची लेखी मागणी करा. सावलीचं म्हणाल तर ती वर्षातले ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळच पडते, त्यामुळं तेवढा वेळ मशीन थांबवा ही मागणी अवाजवी नाही, ग्रामपंचायतीच्या ठरावानं कंपनीकडं मागा.

मी आमच्या नगरपरिषदेत नगरसेविका आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल झेपत नाही. डोंगरावर नगरपरिषदेची स्वतःची पवनचक्की लावायचा विचार आहे. कायद्यानं जमेल का?

ताई, जमेल, आणि तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. विद्युत कायद्याच्या कलम ९ खाली स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मिती, ज्याला कॅप्टिव्ह म्हणतात, ती कुणालाही करता येते. वीज डोंगरावर तयार होणार आणि पंप नदीकाठी, मधे महावितरणच्या तारा, म्हणजे ओपन ॲक्सेस, त्या तारांतून आपली वीज नेण्याची परवानगी, घ्यावी लागेल. त्याची मर्यादा आधी एक मेगावॅट होती, जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती १०० किलोवॅटवर आणली, म्हणून आता मध्यम गावाचं वॉटर वर्क्सही त्यात बसू शकतं.

कॅप्टिव्ह का, तर त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे दुसऱ्या ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी घेतात तो जादा आकार, लागत नाही, आणि अतिरिक्त अधिभारही नाही हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ठरवलं. वहन आकार, म्हणजे तारा वापरायचं भाडं, आणि तारांतली घट मात्र सोसावी लागते. अट अशी की वापरणाऱ्याची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षाच्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यानं स्वतः वापरलेली पाहिजे. इथं फसायला होतं. एखादी कंपनी येते, म्हणते जागा तुमची, मशीन आमचं, तुम्ही फक्त युनिटमागं पैसे द्या. मतदानाच्या हक्कासह २६ टक्के भागभांडवल तुमचं नसेल तर ते कॅप्टिव्ह नाही, आणि मग अधिभार बसून सगळी बचत जाते. शिवाय नगरपरिषदेची जमीन लांब मुदतीनं द्यायची तर नुसता सभागृहाचा ठराव पुरत नाही, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात वरच्या मंजुरीचं बघावं लागतं, मुख्याधिकाऱ्यांकडून ते आधीच लेखी घ्या.

हिशोब असा मांडा. दोन मेगावॅटचं मशीन, वर्षभराची सरासरी क्षमता २५ टक्के धरली तर सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट. पण ही वीज वर्षभर सारखी येत नाही, आपल्याकडं वारा वाहतो तो जून ते सप्टेंबर. आणि तुमचे पंप सगळ्यात जास्त चालतात एप्रिल मे मध्ये. पूर्वी पावसाळ्यातली जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून पुढं वापरता यायची, आता राज्याच्या वीज नियामक आयोगानं ही बँकिंगची सोय महिन्यापुरती केलीय. म्हणजे जुलैची शिल्लक मे मध्ये मिळत नाही. म्हणून मशीन पंपांच्या उन्हाळ्याच्या बिलावर मोजून घेऊ नका, पावसाळ्याच्या वापराइतकंच घ्या आणि उन्हाळ्यासाठी जोडीला सोलर ठेवा, सल्लागार मोठं मशीन सुचवतील तरी.

त्याआधी वारा मोजा. वाऱ्याचा वेग सेकंदाला पाच मीटरऐवजी सहा असेल तर ताकद वीस टक्के नाही, ७० टक्क्यांहून जास्त वाढते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. एवढ्याशा फरकावर सगळा प्रकल्प तरतो किंवा बुडतो. महाऊर्जा या राज्याच्या नवीकरणीय ऊर्जा संस्थेचं मुख्यालय इथंच पुण्यात औंध रोडला आहे, जाऊन बसा त्यांच्याकडं एक दिवस. आणि जागा लोहगाव विमानतळाच्या आसपास येत असेल तर उंचीची एनओसी हवाई दलाकडून लागेल, २०१५ चे उंचीचे नियम आहेत, ते आधी तपासा नाहीतर पाया भरल्यावर काम थांबतं. वीज सुरू करायच्या आधी विद्युत निरीक्षकांची मंजुरीही.

सरपंच म्हणतात गायरानावर पवनचक्की येऊ दे, गावाला भाडं मिळेल. चालेल का?

सरपंचांना एकट्यानं देता येत नाही. गायरानाची मालकी सरकारची, ग्रामपंचायतीकडं ते फक्त सांभाळायला असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर सरकार याबाबत कडक झालंय, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंधनं आणलीत. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरचा. तुमच्या गावात शेळ्यामेंढ्या आहेत ना, त्यांना चारा कुठं मिळणार हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहायला लावा.

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवता येईल का?

कायद्यानं येईल. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमांत नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय, फक्त सोलरला नाही, इतर नवीकरणीय साधनांनाही आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल. पण मी बसवू नका असंच सांगेन, शहरात इमारतींमधून वारा घुसळत येतो, वेग कमी पडतो, आणि कंप सगळ्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबला जातो. तेवढ्याच पैशात सोलर घ्या.

पवनऊर्जा स्वच्छ आहे मग पर्यावरणवाले विरोध का करतात? आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, रस्ता कापायला सुरुवात झालीय, त्यातला काही भाग वन खात्याचा आहे असं म्हणतात. (एक शिक्षक, पुणे जिल्हा)

गुरुजी, वीज स्वच्छ आहे यात वाद नाही आणि मला ती हवीय. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं १५० मीटर उंचीवर महाराष्ट्रात १७० गिगावॅटहून जास्त क्षमता आहे, म्हणजे जागेची टंचाई नाही, निवड करायला वाव आहे. नेमका सडाच का निवडायचा एवढाच माझा प्रश्न आहे. पाती ७० मीटर लांब, ती वर न्यायला डोंगर कापून रुंद रस्ता करावा लागतो, सड्याची माती चार बोटं, ती एकदा वाहून गेली की खालच्या झऱ्यांवर परिणाम होतो. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आणि त्यामुळं सरडे जास्त. एक साखळी हलते ती अशी. पश्चिम घाटासाठी केंद्रानं नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीनंही २०१३ मध्ये पवनप्रकल्प पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणा असं सुचवलं होतं.

जमीन वनाची असेल तर १९८० च्या वन कायद्याच्या कलम २ खाली केंद्राची आधी मंजुरी लागते, रस्त्यालाही लागते. आणि सातबाऱ्यावर खाजगी असली तरी सरकारी नोंदीत 'वन' असेल तर हाच कायदा, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्येच सांगितलंय. तेव्हा तलाठ्याकडून सातबारा आणि उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून त्या गटाचा नकाशा काढा, माहिती अधिकारात मंजुरीची प्रत मागा. मंजुरी नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आपल्या पुण्यातच आहे. वन कायदा त्यांच्या कक्षेत येतो, वन्यजीव कायदा येत नाही, म्हणून अर्ज शेकरू किंवा घुबडावर उभा न करता वनजमिनीवर उभा करा. मुदत सहा महिन्यांची, आणि ती कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. रस्ता कापायला सुरुवात झालीय म्हणालात, म्हणजे दिवस मोजायला लागलेत. उद्याच वर जा, तारीख दिसेल असे फोटो काढा, जेसीबी कुठं उभा होता ते गट नंबरसकट लिहा, आणि शाळेतली दोन माणसं साक्षीला सोबत न्या.